तिसऱ्या संपल्या

तक्रार आहे, म्हणून मालवणी सोडून
शाळेतल्या मराठीत सांगते.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर
शेवंता खोबरेकरणीची खानावळ,
जांभ्याच्या तीन पायऱ्या चढून.
चढणाऱ्यांना त्या मोजाव्या लागत नाहीत.
मला पाठ आहेत :
पहिलीची कड फुटलेली, दुसरी बुटकी,
तिसरीवर मांजर.

अकरा वर्षं माझं ताट बाहेर आलं,
उंडीच्या झाडाखाली,
चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पेपर,
पेपरवर ताट, ताटावर एक हात
कावळ्यांसाठी.
"तू कित्याक त्रास घेतंस गो,
मी हाडून दितंय मा."
आणि सुरमईची एक तुकडी जास्त, नेहमी.
काटे तिलाही असतात.

आतलं मला ऐकून माहीत.
पंख्याची कुरकुर, ताटांचा ढीग,
फळ्याकडे बघून कोणीतरी विचारलेलं, मोरी ताजी काय?
फळा मी कधी वाचला नव्हता.

मी जाळी दुरुस्त करते. रोज बघते,
केवढी ती होडी,
खाली तेल लावलेले ओंडके, मागे पंधरा जण,
कशी वाळूवरून वर येते.
होडीला कुणी म्हणत नाही
तू पाण्यातच थांब,
तुला काय हवं ते तिथे आणून देतो.

हे मी शेवंताच्या न्हानूला बोलले,
सुई दातात धरून, सहज.
तो गप्प. मग टेप आणली त्याने.
उंची दीड फूट, म्हणाला, उतार अठरा फूट लागेल.
अठरा? म्हणजे बाहेरची दोन टेबलं गेली!
मायलेक आठ दिवस त्या दोन टेबलांवर भांडले.
पहिला उतार केला तो पाच फुटांचा,
मी मागच्या मागे सुटले,
बर्फ उतरवणाऱ्या पोरांनी धरलं.
तो फोडला.
आता चिऱ्यांचा आहे, खरखरीत,
उंडीला वळसा घालून जातो.

काल आत गेले.
टेबलाच्या आडव्या दांडीला गुडघे अडले.
बेसिन अजून कपाळाला लागतं.
न्हानूने हिशेबाच्या वहीत मागे लिहून घेतलं.
फळ्यावर खडूनं : तिसऱ्या संपल्या.
मी एकटीच हसले.

सोलकढीत मीठ जास्त होतं.
अकरा वर्षं जास्तच होतं,
पण झाडाखाली बसून ते म्हणवत नाही.
काल म्हटलं, चार गिऱ्हाइकांदेखत.
शेवंताचा चेहरा उतरला.
जास्तीची तुकडी आली नाही.
बिल आलं, पूर्ण,
वर बडीशेप.