जानेवारीचा खण

जानेवारी हा माझा सुगीचा महिना.
तीन राजांचा सण झाला की दुसऱ्या सकाळी
गाल धरून माणसं जिना चढतात.

एरवी दाताखाली खडा आला
तर आपण वाढणाऱ्याकडे रागानं बघतो.
ओबान्यमध्ये त्या एका दिवशी
ज्याच्या दाताखाली खडा, तोच राजा.
सोनेरी कागदाचा मुकुट, टाळ्या,
आणि दाढेचा एक टवका बशीत.

खडा म्हणजे चिनीमातीची मूर्ती,
करंगळीच्या नखाएवढी,
संत्र्याच्या फुलांच्या वासाच्या केकमध्ये लपवलेली.
बेकरीवाला आन्सेल्म रूस्तां
स्वतःच्याच केकमधल्या गाढवावर दाढ मोडून आला.
तोंड उघडायच्या आधी म्हणाला,
"कुणाला सांगू नका."

दात भरून झाला की मूर्ती कुणालाच नको असते.
"ठेवा तुम्हीच."
मी ठेवते.
ड्रिलच्या जुन्या टोकांचा खण त्यासाठी रिकामा केला.
आज दोनशे अकरा.
लसूणवाली, धारवाला, ढोलकं वाजवणारा,
पोत्याशिवायचा पिठाच्या गिरणीवाला,
आणि दोन्ही हात वर केलेला तो खुळा
ज्यानं बाळासाठी भेट आणलीच नाही,
नुसता आ वासून उभा राहिला. (त्याचे दात मात्र दिसत नाहीत.)
बल्थाझार चार. मेल्खियोर एकही नाही.
कुणाच्याच अंगावर चावल्याची खूण नाही.
खुणा सगळ्या आमच्या बाजूला.

ओनोरीन गास्ताल्दी दरवर्षी येते.
वय शहाऐंशी, तोंडात स्वतःचा एकही दात नाही.
खुर्चीत बसत नाही. म्हणते, "खण द्या."
टेबलावर उपडा करते,
बाळं तेवढी बाजूला काढते,
एकेकाचा तळ चष्म्यापाशी नेते.

"सेहेचाळीस साल. साखर अजून रेशनवर.
ज्याला मूर्ती मिळेल त्यानं पुढचा केक आणायचा,
असा नियम.
बाबा कौलांच्या भट्टीवर होते.
त्यांच्या तोंडात टक् झालं.
सगळ्यांनी ऐकलं.
बाबांनी पाणी मागितलं
आणि घोटाबरोबर बाळ गिळलं.
'यंदा केकवाल्यानं फसवलं,' म्हणाले.
कान तेवढे लाल.
आई पुढचं वाढत राहिली."

मी हातमोजे काढत होते. ती थांबली नाही.

"मी सगळ्यांत धाकटी, म्हणून टेबलाखाली.
कुठला तुकडा कुणाचा, ते ओरडून सांगायचं काम माझं.
वरून आईनं विचारलं, हा कुणाचा?
मी म्हटलं, बाबांचा."

निळं दुपटं, डावं पाऊल तुटलेलं.
ते इथं कसं असेल, हे तिलाही कळतं.
मग त्यातल्या त्यात जवळचं एखादं बाळ
रुमालात बांधून नेते,
घरच्या गव्हाणीत ठेवते,
मेरी आणि योसेफ त्याच्यापुढे राक्षसासारखे.
दोन फेब्रुवारीला देखावा उतरवला
की तीनला सकाळी परत.

यंदा मार्च अर्धा झाला.
डोंगरउतारावर बदामाचा मोहोर येऊन गेला,
मिस्ट्रालनं तीन दिवस खिडक्या बडवल्या.
तिचं घर इथून चार दारं.
मी गेलेले नाही.

संध्याकाळी हत्यारं उकळायला टाकते,
खण पुढे ओढून मोजते.
दोनशे दहा.
लोटताना कितीही हळू लोटला
तरी आत कुणीतरी कुणावर तरी
टक् आपटतंच.