अंगठा

जूनमध्ये माझा हजेरीपट भरलेला असतो.
मासेमारी बंद, ट्रॉलर ताडपत्रीखाली,
बर्फ फॅक्टरीमागच्या वस्तीतल्या मुली
लाल रिबिनी बांधून पुढच्या बाकांवर.
रेणव्वा घनफळाची गणितं तोंडी सोडवते,
डबा म्हटलं की तिला आकार सांगावा लागत नाही.

नारळ पाण्यात पडला
की रकाने रिकामे होत जातात.

मिरकरवाड्याला पहाटे तीनला बोट लागते.
डबाभर कोळंबी सोलली की अठरा रुपये.
आई सात डबे, ही चार,
धाकटी नुसती डोकी मोडून देते.
बर्फाच्या पाण्यात बोटं आधी दुखतात,
मग दुखत नाहीत.
ते जास्त वाईट बाई, म्हणाली एकदा,
खिडकीबाहेर बघत.
दहाच्या घंटेला कधी पोचलीच
तर शेजारीण नाक दाबून बाक सोडते.
मी शेजारणीवर ओरडते.
वास मलाही येतो.

ऑक्टोबरात शिष्यवृत्ती आली. म्हणजे, आली असती.
बँकेत यंत्रावर अंगठा ठेवायचा.
ठेवला. फ्रॉकला पुसून ठेवला. दुसरा ठेवला.
लाल दिवा.
काट्यांनी रेषाच खाऊन टाकलेल्या,
बोटाचं टोक गोट्यासारखं गुळगुळीत.
"मला सही येते की," रेणव्वा म्हणाली
आणि पावतीच्या पाठीवर करून दाखवली,
व्वा-चं जोडाक्षर नीट, सावकाश.
आई मागे उभी, विजापूरहून इथवर
सगळीकडे अंगठाच देत आलेली.
"माझ्या अंगठ्याला हसत होते समदे," ती म्हणाली,
"हिचा तर कुणी घेईना."

क्लार्क तसा चांगला माणूस.
"पावसाळ्यात आणा. बंदीत कातडी परत येते.
दरवर्षी बघतो मी."

पावसाळ्यात ती आठवीला जाईल.
आमची शाळा सातवीपर्यंत.
आठवीची वर, टेकडीवर, रिक्षाला जाऊन-येऊन चाळीस,
म्हणजे दोन डबे आणि वर चार रुपये.
हे गणित मी फळ्यावर घातलं नव्हतं.
तिनं ते सोडवून ठेवलं होतं.

आज नऊ दिवस झाले.
तिच्या नावापुढे लाल पेन नेलं की हात थांबतो,
मग पुढच्या नावावर जातो.
पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे.
पाठीवर सही,
आणि कडेला ओल्या बोटाचा एक डाग,
आत काहीच नसलेला.