देठ

सेमिनरीतल्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय :
'दुःखाचा प्रश्न – चार उत्तरं.'
प्रत्येकाखाली लाल रेघ,
समासात सरांची बरोबरची खूण.
ती वही पिशवीत घालून मी नंदुरबारला उतरलो
माघातल्या दुपारी,
जेव्हा शहराबाहेरचं माळ अख्खं लाल असतं
आणि नवा माणूस बोलायच्या आधी शिंकतो.

दीनाबाई वळवी पथारीवर भेटली.
अमोसला पुरून सातवा दिवस.
पेटी करणाऱ्या सुताराचे अर्धे पैसे अजून राहिलेले,
आणि मिरची सुतक पाळत नाही,
ऊन आहे तोवर तिला खालीवर करावंच लागतं.

गोणपाटावर बसलो. घसा साफ केला.
म्हणालो, देवाच्या योजनेत –
आणि खोकलो.
म्हणालो, आता तो वेदनेच्या पलीकडे –
आणि पुन्हा खोकलो.
ती देठ खुडत राहिली.
मजुरी किलोवर. वर बघितलं की तेवढी कमी.

मग, हात न थांबवता :
"दोन्हीस्नं पांढरं कार्ड, पास्टर. मनं बी, त्याना बापनं बी.
पोऱ्यानं पिवळं.
आम्हले कधी काही दुखनं नही.
मंग पाप कोनं?"

वहीत होतं ते. तिसऱ्या उत्तरात, जवळजवळ.
पण तिथे सिकलसेल हा शब्द नव्हता,
रात्री अडीचला गुडघे आवळून ओरडणारं पोर नव्हतं,
एकोणीस वर्षांत चढवलेल्या बत्तीस बाटल्या
आणि रक्त देणाऱ्या बत्तीस जणांची नावं
पाठ असलेली आई नव्हती.
"मला माहीत नाही," मी म्हणालो.
ह्या उत्तराला परीक्षेत गुण नव्हते.

तिनं मिरच्यांचा एक ढीग
पायानंच माझ्याकडे सरकवला.

देठ चिमटीत धरायचा, टोपीपाशी मोडायचा,
बी सांडू द्यायचं नाही.
पहिल्या तासाला बोटांना काही कळत नाही.
दुसऱ्यात नखांखाली कुणीतरी दिवा लावतं.
एवढ्यात तिनं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं :
अमोसला कळण्याची भाकरी आवडायची, शिळी.
थंडीत दुखणं वाढायचं, म्हणून तो थंडीवर रागवायचा,
देवावर नाही.
रविवारी आत यायला त्याला नेहमी उशीर,
कारण मंडळीच्या चपला
तो बाहेर एका रांगेत लावायचा, जोडीला जोडी.

ऊन कलताना मी डोळा चोळला.

काय सांगू. आधी एक, मग दोन्ही.
मी रडलो, नाक गळेपर्यंत, गुडघ्यांत डोकं घालून,
आणि त्यातलं मिरचीचं किती, दुसरं किती,
ते आजही वेगळं करता येत नाही.
आणि दीनाबाई हसली.
सात दिवसांत पहिल्यांदा, असं शेजारणीनं मागून सांगितलं.
हसता हसता तिचा आवाज फाटला
आणि ती मला धरून बसली, की मी तिला.

"डोयाले हात नका लावा आते," ती म्हणाली.
पदराच्या कोऱ्या टोकानं डोळे पुसले,
डब्यातलं गोडं तेल माझ्या बोटांना लावलं,
एकेका बोटाला, पेरापेरात,
आजाऱ्याला लावतात तसं.
देहधारणावर माझा निबंध होता, अठरा पानांचा.
सांत्वन द्यायला कोण आलं होतं
हे मी त्या वेळी विसरलो होतो.

वही अजून आहे. तिच्या पानांना तेलाचे डाग आहेत.

त्या रविवारी प्रभुभोजनाला भाकर मोडली.
तीन वेळा साबण लावूनही हात पेटलेलेच.
म्हातारा सामसन पाडवी, पहिल्या बाकावरचा,
घास तोंडात घोळवत मोठ्यानं म्हणाला,
"आज जरा तिखट शे."
कुणी हसलं नाही.
शेवटच्या रांगेतून दीनाबाई आली,
दोन्ही ओंजळ पुढे करून.

बाहेर दाराशी चपला
जशा काढल्या तशाच पडलेल्या, एकमेकींवर, उलट्यासुलट्या.
जाताना जो तो आपापली शोधत होता, वाकून,
पण रांग लावायला
कुणाचा हात होईना.