टेकडीवर रेंजची एक काडी

उद्वाल, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले.
तालुक्याच्या दवाखान्यामागे, हिरव्या दाराच्या त्या घरात
तुम्ही सहाजणी, दिवस भरत आलेल्या,
खाटेवर पाय पसरून पत्ते खेळता म्हणे.
रोज तूच जिंकतेस म्हणे.
माझा विश्वास नाही.

इथे वसंत म्हणजे नुसती धूळ.
अल्ताईकडून वारा येतो, तंबूचे दोर रात्रभर खेचत बसतो,
आणि मेंढ्यांना वेळ सापडते ती पहाटे तीनची.
परवा अकरा व्याल्या. काल सात.
कोपरापर्यंत हात भरलेले असतात
तेव्हाही डोक्यात हिशेब तुझाच:
अजून बारा दिवस, डॉक्टरीण म्हणाली,
चार इकडे, चार तिकडे.
हे 'चार इकडे' मला झोपू देत नाही.
पेट्रोलचा कॅन काठोकाठ भरून दाराशी ठेवलाय.
शेजारचा दोर्ज मागायला आला होता, त्याला चहा पाजला,
मीठ जरा जास्तच पडलं,
पेट्रोल नाही दिलं.

पाळणा केलेला नाही.
आई म्हणते, आधीपासून काही करू नये,
ऐकणारे ऐकत असतात.
लांडग्याच्या घोट्याचं ते हाड मात्र
मी घासून घासून गुळगुळीत केलंय.
खिशात असतं.
खिशात ठेवणं म्हणजे काही करणं नव्हे.

नावाचंही मी मनात आणत नाही.
माझंच बघ ना, माझ्या आधीची दोन गेली,
म्हणून मी एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'.
न्यायला येणाऱ्यानं दारातूनच परत जावं, एवढ्यासाठी.
बत्तीस वर्षं झाली,
बाजारात कुणी घोडा दाखवून 'हा नव्हे' म्हणालं
की मी अजून वळून बघतो.
आपल्याला दुसरं काहीतरी लागेल.
(हे मी मनात आणलेलं नाही.)

आता कालचं सांगतो, तुला ते दिसलं नाही म्हणून.
तुझी काळ्या तोंडाची, पहिलटकरीण,
व्याली, उठली, आणि कोकराकडे असं पाहिलं
जसं कुणी परक्याचं जोडं दारात पाहावं.
हुंगायची, तोंड फिरवायची. जवळ नेलं की लाथ.
आईचा घसा बसलेला.
मी 'तोइग, तोइग' म्हणून पाहिलं,
माझा आवाज तुला ठाऊक आहे.
मेंढी शेजारच्या मेंढीच्या मागे जाऊन उभी राहिली.

मग कोकरू अंगरख्यात घातलं,
तिच्या गळ्यात दोर, आणि चढलो टेकडी.
अर्ध्यावर ती बसली. मीही बसलो.
दोघं एकमेकांकडे बघत होतो, दमलेले.
वर दगडांच्या राशीपाशी, निळ्या फडक्याखाली
रेंजची एक काडी मिळाली.
तू 'हॅलो' म्हणालीस, मी म्हटलं, 'गा.'

काही विचारलं नाहीस तू.
मागे पत्त्यांचा गलका होता, तो हळूहळू थांबला.
तोइग, तोइग,
फोनमधून तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातल्यासारखा येत होता,
वारा त्यातला अर्धा खात होता,
तरी मेंढीचे कान वळले.
मी किती वेळ फोन धरून होतो माहीत नाही.
तिनं कोकराची पाठ चाटली. एकदा. मग थांबली.
मग पुन्हा, कसलंसं ओळखल्यासारखी.
आणि पान्हावली.

तेवढ्यात तू गाता गाता थबकलीस.
माझ्या पोटात खड्डा पडला,
म्हटलं, चार इकडे!
तू म्हणालीस, 'थांब. गप्प बसलंय.
सकाळपासून लाथा चालल्या होत्या,
गाणं सुरू झाल्यापासून हललं नाही.'
आणि हळूच, बाजूच्या खाटेवर ऐकू जाऊ नये तसं,
'ऐकतंय.'

मला बोलायला सुचेना.
मी गुडघ्यावर बसून
फोन कोकराच्या तोंडाशी नेला,
ते चुटूचुटू पीत होतं, शेपटी नुसती थरथरत होती,
म्हटलं, हेही ऐकू दे त्याला,
दूध कसं वाजतं.
हात दुखेपर्यंत तसाच धरला.
नंतर पाहिलं,
काडी केव्हाच गेली होती.