लाइन चालू आहे का

कोराडी रोडवरच्या खांबावरून पडलो
त्याला आता एकोणीस महिने.
शॉक नव्हता. पट्टा सुटला, एवढंच.
बावीस वर्षं ज्याला भिऊन हातमोजे घातले
त्या करंटनं काही केलं नाही,
केलं ते खालच्या मुरुमानं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार
गजघाटे मॅडम माझ्या डोक्यावर
मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज बांधतात,
वायर जोडतात, एक लाल, एक काळी.
मॅडम, न्यूट्रल ढिला आहे, मी म्हणतो.
दोन मिलीअँपिअर, त्या म्हणतात.
एवढ्यावर तर दारावरची बेलही वाजत नाही.

मग पट्ट्यांनी मला वर घेतात, वीतभरच
(बक्कल या खेपेला मी दोनदा ओढून बघतो),
मांड्यांना, पोटऱ्यांना यंत्राच्या पकडी,
खाली रबराचा सरकता रस्ता,
आणि पाय चालू लागतात.
माझेच म्हणायचे.
लग्नातली रोषणाई
भाड्याच्या जनरेटरवर चालावी तसे.

समोर पडद्यावर एक हिरवी पट्टी:
तुमचा जोर किती, यंत्राचा किती.
मनातून चाला, मॅडम सांगतात.
मी उजव्या पायाला नावानं हाक मारतो.
सबस्टेशनला फोन लावावा,
रिंग जात राहावी,
कोणी उचलूच नये.

सही घेतानाच सांगितलं होतं:
निम्म्या लोकांना खरा करंट,
निम्म्यांना फक्त सुरुवातीची खाज, मग बंद.
कोणाला कुठला, मॅडमलाही ठाऊक नाही.
पाकीट शेवटी फोडणार.

आणि मी, हंसराज नंदेश्वर, वायरमन,
तारेजवळ हात नेल्यावर
मनगटाच्या केसांवरून ओळखणारा
लाइन जिवंत आहे की मेलेली,
तो मी वीस मिनिटं खुर्चीत बसून
स्वतःच्याच कवटीला विचारतो,
चालू आहेस का गं?
टेस्टर लागत नाही तिथं.

घरी छबू विचारते,
"होता का जी आज?"
"काय मालूम."
"मंग जाता कायले एवढ्या उन्हाचं?"
ऑटोचे दीडशे जातात, तिचं बरोबर आहे.

काल पट्टी चौदावर गेली.
मंगळवारी अकरा होती.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
आकडा मात्र दोनदा गिरवला.

रात्री कूलर घरघरत होता,
ओल्या वाळ्याचा वास,
आणि लाइट गेली.
गल्लीतून कोणीतरी ओरडलं,
"हंसराजभाऊ, कधी येईन जी?"
अजून मलाच विचारतात.

मी चादर बाजूला सारली
आणि उजव्या अंगठ्याकडे बघत बसलो.
अंधारात दिसत काहीच नव्हतं,
तरी.