पुस्तिकेतली दुरुस्ती

सोळा पानी पुस्तिका, सगळी कन्नडात,
वर अग्निशामक दलाचा जांभळा शिक्का.
उद्या दहाला भिवशीच्या शाळेत पुराचं ट्रेनिंग,
रातोरात मराठी करा, चाळीस प्रती,
म्हणाले हेब्बाळसाहेब, आणि गाडीला किक मारली.

निपाणीत वखारीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
कन्नड येतं ते बसच्या पाटीपुरतं,
उताऱ्यावरच्या नावापुरतं.
नेरे म्हणजे पूर, एवढं ठाऊक होतं,
त्या साली दुसरं काही कानावर पडतच नव्हतं.
पान नऊवर नेरेमने आलं.
मी लिहिलं, पूर आलेलं घर.
‘धोका दिसताच पूर आलेल्या घराला कळवा.’
रात्रीचे दोन वाजले होते.
वाक्य विचित्र वाटलं नाही,
सरकारी पुस्तिकेत खपून जातं.

विड्या वळणाऱ्या बायका आल्या होत्या.
आजच्या हजार विड्यांचे पैसे कोण देणार,
हे त्यांनी आधी विचारून घेतलं.
उत्तर आलं नाही, तरी बसल्या.
दोरी हातात पडली
आणि साहेबांची गाठ अर्ध्यावर असताना
त्यांच्या बांधून झाल्यासुद्धा.
मग तेलाचे पाच लिटरचे रिकामे डबे, झाकणं घट्ट,
दोन छातीला, दोन पाठीला.
मग दोन बांबू आणि एक घोंगडं.
जखमी म्हणून झोपायला सरपंच येणार होते,
ते आले नाहीत, मला झोपवलं.
वर चार बायकांच्या हनुवट्या
आणि भिंतीवर, फळ्याच्याही वर,
पाणी थांबलं होतं तिथली मातकट रेघ.
झोपलेल्या माणसाला ती फार उंच दिसते.

उशीची छाती दाबायची, तीस वेळा, मोठ्यानं मोजून.
ओंदु, एरडु, मूरु,
सुभद्राक्का वीसपर्यंत कन्नडात गेली,
दम लागला तशी मराठीत आली, एकवीस, बावीस.
दचकून थांबली.
नडीतैति, साहेब म्हणाले, चालतंय,
फक्त थांबू नका.

पान नऊ रशिदा नदाफनं वाचलं.
दोनदा वाचलं. मग पदर तोंडाला.
‘कुणी लिवलं ओ हे? नेरेमने म्हंजे शेजारचं घर!’
सगळी शाळा हसली. मी पेन काढलं.
एकच शब्द म्हणे, पाण्यालाही, शेजारालाही.
‘दोघंबी न इचारता घरात येत्यात,’
मागून कुणीतरी म्हणालं.

सगळं आवरत आलं तेव्हा यल्लाप्पा आंबी उठला,
हयात नावेवर गेलेला माणूस.
‘ह्यात जनावराचं काय?’
साहेबांनी पानं उलटली.
पान बारा : पशुधन सुरक्षित स्थळी हलवावे.
‘हलवाय येळ गावला तर.
त्या वर्साला माणसं पत्र्यावर चढली,
गोठ्यातली दावी तशीच ऱ्हायली.
म्हस पवती, साहेब, तिला ट्रेनिंग लागत न्हाई.
दावं पवत न्हाई.’

कुणी काही बोललं नाही.
सुभद्राक्का उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

लिहा, साहेब म्हणाले.
चाळीस प्रतींच्या समासात मी हातानं लिहिलं,
आधी दावं सोडा.
मग त्यांनी स्वतःची कन्नड प्रत पुढं केली,
ह्यातही पाहिजे.
रशिदा अक्षर अक्षर सांगत गेली, मी काढत गेलो,
मोदलु हग्ग बिच्चि.
कन्नडातलं माझं पहिलं वाक्य.
ह जरा वाकडा आला.

झेरॉक्सचं बिल चिक्कोडीला पाठवलंय, पैसे यायचेत.
परतताना पुलावर गाडी थांबवली.
मे महिना, वेदगंगा गुडघाभर,
आणि मधोमध एक म्हैस निवांत बसलेली,
गळ्यात दावं,
दुसरं टोक पाण्यावर मोकळं.