शिल्लक

ऑक्टोबरात डबी वरच्या रेघेपर्यंत भरली.
थँक्सगिव्हिंगच्या आधल्या सोमवारी पाहिलं
तर ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली.
आणि जमीन कोरडी.

बारा वर्षं मी ईरीतल्या एका लाकडाच्या वखारीत
हिशेब लिहिते.
जमा, खर्च, शिल्लक,
तिघांतलं एक जरी खोटं बोललं
तरी घास घशाखाली उतरत नाही.

म्हणून चार चाकांखाली चार पुठ्ठे,
प्रत्येकावर पेनाने: पुढचं डावं, मागचं उजवं.
सकाळी त्यांवर वितळलेला बर्फ
आणि कुणाच्या तरी मांजराची पावलं,
मागच्या उजव्याकडून पुढच्या डाव्याकडे.

गाडी ब्युईक, चौऱ्याण्णवची,
शेजारच्या लेनार्ड ग्रबोव्स्कीची.
मोतीबिंदू पिकला तेव्हा त्याने ती मला विकली
आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक पार्किंगवर
खिडकीतून मान हलवतो.
"कूमू," तो म्हणाला,
कुमुद त्याच्या तोंडात मावत नाही,
"ड्रम उघड."

ड्रम उघडले. काळी भुकटी, कोरडी.
पुढचे रबरी पाइप दुमडून पाहिले. कोरडे.
बूस्टरच्या पोटात कापसाची काडी घातली,
गेली तशीच बाहेर आली.
पेडलखालचं कार्पेट उचकटलं:
बिंगोचं तिकीट, तीन नाणी,
लेनार्डच्या बायकोच्या कानातला एक खडा.
सगळं त्याला नेऊन दिलं.
खडा त्याने बराच वेळ मुठीत ठेवला
आणि त्या दिवशी गाडीबद्दल काही बोलला नाही.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं
की पाय खाली जायचा, हळूहळू,
भरल्या पोटी नको नको म्हणत
कुणी आणखी एक पोळी घ्यावी तसा.

आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो.
इथे मीठच खातं.
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर सांडलेलं,
तलावावरून वादळ आलं की पुन्हा सांडलेलं,
ते चढतं गाडीच्या पोटाखाली
आणि तीस हिवाळे सावकाश जेवतं.

सापडलं शनिवारी.
पाठीखाली पुठ्ठा, मागचं डावं.
नाकावर गंजाची फोलपटं.
पेट्रोलच्या टाकीच्या वर, जिथे डोळा पोचत नाही
आणि मनगट जेमतेम वळतं,
प्लास्टिकच्या क्लिपमागे
टाचणीच्या टोकाएवढं भोक.
दाबलं तरच गळणारं.
आणि टाकीवर साचलेला जुना चिखल
थेंबन् थेंब पिऊन बसलेला,
खाली टिपूस पडू न देता.
खर्च सापडला.
मी तिथेच पडल्या पडल्या हसले.

नवा पाइप तांबं-निकेलचा, हाताने वळणारा.
त्याची तोंडं लेनार्डने फुलवून दिली,
आपल्या औजाराने, चाचपून चाचपून.
बोटांना मोतीबिंदू होत नाही.

मग राहिली आतली हवा.
ती काढायला दोन माणसं लागतात,
एक चाकाशी, एक पेडलवर.
पेडलवर रेवती, सोळाची, शिकाऊ परवाना खिशात,
चार वर्षं माझ्या मराठीला
इंग्रजीत उत्तर देते, तेही दिलं तर.
मी खालून ओरडले: दाब.
वर काही नाही.
मग, "दाबलंय."
धर.
"धरलंय."
नट सैल, नळीत बुडबुडे, नट घट्ट.
सोड.
"सोडलं."
सगळ्यांत लांबचं चाक आधी, मग एकेक जवळचं.
पन्नासएक वेळा तरी.
तिसऱ्या चाकालाच बुडबुडे संपले होते खरं तर.
मी आणखी थोडं चालू ठेवलं.

बाटली मडगार्डवर ठेवली होती.
तिच्या बुडाएवढा रंग उडाला, गोल.
लेनार्डने खिडकीतून मान हलवली.

आता दर रविवारी बॉनेट उघडते.
दोन रेघांच्या मध्ये, होतं तिथे.
वखारीच्या वहीत मागच्या पानावर
तारीख टाकते
आणि पुढे लिहिते: तेवढंच.